ग्रेडेड कॉमिकची केस खराब निघाली, तर काय कराल?

"केसवर इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात, पुस्तक गेलं का?" "कोपरा तडकलाय, फेविक्विक लावू का?" "आत पुस्तक हलतंय, उघडून नीट बसवलं तर चालेल का?" घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यातले वाचक गेले काही दिवस हेच प्रश्न फिरून फिरून विचारत आहेत. कुणी परदेशातल्या भावाकडून स्पायडरमॅनचा ग्रेड केलेला अंक मागवला आहे, कुणी ऑनलाइन घेतला आहे, तर कुणी घरातले इंद्रजाल कॉमिक्स ग्रेडिंगला पाठवायच्या विचारात आहे. पैसे बरेच जातात आणि विचारायला जवळपास दुकान नाही. अशा वेळी घाईत केलेल्या एखाद्या उपायानेच सगळ्यात जास्त नुकसान होते.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा. केस वेगळी आणि पुस्तक वेगळे. केस बदलता येते, पुस्तक बदलता येत नाही. पुढचा प्रत्येक निर्णय या फरकावर ठरतो.

केसमध्ये नेमके काय असते

कॉमिकचे ग्रेडिंग करणारी सर्वांत परिचित कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली सीजीसी. तिचे काम २००० साली सुरू झाले. सीबीसीएस आणि पीजीएक्स या नंतरच्या कंपन्या. या कंपन्या पुस्तक तपासून त्याला ०.५ ते १० यांपैकी एक श्रेणी देतात आणि मग ते दोन थरांत बंद करतात. आतला थर पातळ, पारदर्शक पाकिटासारखा असतो. बाहेरचा थर कडक प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या वरच्या भागात श्रेणी व क्रमांक छापलेले लेबल असते. या सगळ्याला मिळून संग्राहक 'स्लॅब' म्हणतात.

सीजीसीच्या लेबलचा रंगही वाचायला शिका. निळे म्हणजे साधी श्रेणी. जांभळे म्हणजे पुस्तकाची डागडुजी झालेली आहे. हिरवे म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून श्रेणी दिली आहे. पिवळे म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर घेतलेली सही आहे. विकणाऱ्याने फक्त आकडा सांगितला आणि रंग सांगितला नाही, तर आधी रंग विचारा.

बाहेरची केस उघडली की ती श्रेणी संपली. पुस्तक तेच असले तरी लेबलला अर्थ उरत नाही. म्हणून "उघडून नीट बसवू का" या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे.

दोष ओळखा: प्लास्टिकचा की पुस्तकाचा

स्लॅब खिडकीजवळ धरा, थेट उन्हात नको. हळूहळू तिरका करा. डाग किंवा रेघ प्रकाशाबरोबर सरकते का, ते पाहा. सरकत असेल तर दोष बहुधा प्लास्टिकवर आहे. जागेवर स्थिर राहिली तर पुस्तकावर असू शकतो. मग मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून पुन्हा तपासा.

* रंगीत वलयं. दोन पारदर्शक पृष्ठभाग एकमेकांना अगदी हलके टेकले की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे प्रकाशाची अशी वलयं दिसतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. पाण्यावर तेल पसरल्यावर दिसतात तसलेच हे रंग. पुस्तकाला यामुळे इजा होत नाही. २०१६ मध्ये सीजीसीने केसची रचना बदलली तेव्हा जगभरच्या संग्राहकांनी याच वलयांची तक्रार केली होती आणि कंपनीला रचना पुन्हा सुधारावी लागली. दोन-चार ठिपके असतील तर दुर्लक्ष करा. सगळे मुखपृष्ठ झाकले जात असेल तर केस बदलून मागणे रास्त आहे.

* ओरखडे आणि धुरकटपणा. हे बहुतेक वेळा वाहतुकीत किंवा स्लॅब एकमेकांवर घासून होते. पुस्तक सुरक्षित असते. किंमत मात्र पाडून मागितली जाते, कारण फोटोत ते पुस्तकाचेच डाग वाटतात.

* तडा किंवा तुटलेला कोपरा. बाहेरच्या केसचा कोपरा उडाला आणि आतले पाकीट शाबूत असेल तर घाबरू नका. तडा आरपार असेल, फट पडली असेल, तर धूळ आणि दमट हवा आत जाणार. हे थांबवून ठेवण्यासारखे काम नाही.

* आत अडकलेला कण किंवा डोक्याचा केस. कारखान्यात बंद करतानाच राहिलेला दोष. मुखपृष्ठाच्या छपाईवर टेकलेला कण टोकदार असेल तर वाहतुकीत तो घासू शकतो. असा स्लॅब आल्या दिवशीच तक्रारीला घाला.

* आत हलणारे पुस्तक. मला यातला सगळ्यात गंभीर दोष हाच वाटतो, आणि बघणाऱ्याच्या लक्षात हाच सगळ्यात उशिरा येतो. आतले पाकीट पुस्तकापेक्षा सैल असेल तर प्रत्येक धक्क्याला पुस्तक सरकते. घडीच्या बाजूची टोके आणि खालचे कोपरे आपटत राहतात. मुखपृष्ठ पिनेपाशी फाटू शकते. लेबलवर ९.६ आणि आत प्रत्यक्षात ९.० दर्जाचे पुस्तक, असे यातून होते. तपासायला स्लॅब हलवू नका. उभा असताना आणि आडवा असताना, असे दोन फोटो काढा आणि पुस्तकाच्या कडेचे अंतर ताडून पाहा.

* वाकलेले पुस्तक. आतले पाकीट आवळून बसले तर पुस्तक कमानीसारखे दिसते. काही पुस्तके मुळातच वाकडी असतात. म्हणून ग्रेडिंगला देण्याआधीचा फोटो नसेल तर हा दोष कुणाचा, हे सिद्ध करणे अवघड जाते.

* लेबलची चूक. अंकाचा क्रमांक, वर्ष किंवा नाव चुकीचे छापलेले असते. ही कंपनीची चूक आहे, दुरुस्तीचे शुल्क तुम्ही देऊ नये. ताबडतोब कळवा.

पार्सल उघडतानाच पुरावा तयार करा

नंतरचे सगळे भांडण या दहा मिनिटांवर उभे राहते. घाटनांदूरला येणारे पार्सल किती ठिकाणी उतरते-चढते याचा विचार करा. परदेशातून मुंबई, तिथून संभाजीनगर किंवा लातूर, मग अंबाजोगाई, शेवटी एखाद्याच्या मोटारसायकलवरची पिशवी. धक्का नेमका कुठे बसला, हे नंतर कुणी सांगत नाही.

1. खोके फुटलेले, ओले किंवा दबलेले दिसले तर सही करण्याआधी पोचपावतीवर तसे लिहा. लिहू देत नसतील तर खोक्याचा फोटो तिथेच, पार्सल आणणाऱ्यासमोर काढा.
2. खोक्याच्या सहाही बाजू आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा, मध्ये न थांबवता व्हिडिओ घ्या. कापणे, बाहेर काढणे, स्लॅब फिरवून दाखवणे हे सगळे एकाच चित्रणात हवे.
3. क्रमांक, चारही कोपरे, चारही कडा आणि पाठीमागची बाजू यांचे वेगवेगळे फोटो काढा.
4. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ फाइल पुसू नका. पुरावा म्हणून मूळ फाइलच लागते.
5. खोके, आतला कागद, फोम सगळे ठेवा. परत पाठवायचे झाले तर तेच खोके लागेल. पॅकिंग पुरेसे नव्हते, हेही त्यावरूनच दाखवता येते.

लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी तपासा. नाव, वर्ष, श्रेणी, लेबलचा रंग हे सगळे जुळले पाहिजे. कंपनीने काढलेले फोटो तिथे असतील तर मुखपृष्ठावरची एखादी बारीक खूण निवडून ताडा.

छेडछाडीची शंका

क्रमांक जुळला म्हणजे निश्चिंत व्हायचे दिवस गेले. २०२३ च्या अखेरीस असे उघडकीस आले की सीजीसीच्या काही केसेसमधून मूळ पुस्तक काढून त्या जागी हलक्या प्रतीचे पुस्तक बसवले गेले होते. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने संशयित क्रमांकांची यादी जाहीर केली. लेबल खरे, केस खरी, पुस्तक दुसरेच.

म्हणून केसच्या कडा टॉर्चखाली पाहा. जोडावर पांढरट ताण, कोपऱ्यातल्या खुंट्यांपाशी भेगा, डिंकाचा माग, लेबल तिरके बसलेले, ९.८ श्रेणी असूनही घडीवर स्पष्ट दिसणाऱ्या सुरकुत्या, यांपैकी काहीही आढळले तर हात लावू नका. विकणाऱ्याला आणि ग्रेडिंग कंपनीला एकाच दिवशी लिहा. केस स्वतः उघडून पाहिलीत तर छेडछाड तुम्हीच केली, असे म्हणायला समोरचा मोकळा होतो.

काय करू नये

तड्यावर फेविक्विक लावू नका. त्याची वाफ आत जाऊन प्लास्टिकवर पांढरी साय धरते. तात्पुरते झाकायचे असेल तर बाहेरून साधी चिकटपट्टी लावा आणि संपूर्ण स्लॅब स्वच्छ पिशवीत ठेवा.

स्पिरिट, सॅनिटायझर, पेट्रोल, काच पुसायचे फवारे यांनी पारदर्शक प्लास्टिक धुरकटते आणि जाळीसारखे तडकते. मऊ, किंचित ओलसर सुती कापड पुरते. जोडापाशी पाणी नको.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर त्या काढा. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते आणि वास कागदात कायमचा बसतो. कसर आणि वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, पायाखाली धातूच्या वाट्या ठेवणे आणि महिन्यातून एकदा सगळे काढून झाडणे हा उपाय जास्त खात्रीचा.

पुढचा मार्ग कोणता निवडाल

दोष फक्त बाहेरच्या प्लास्टिकचा असेल आणि पुस्तक घरीच ठेवायचे असेल, तर काही करू नका. परदेशात पाठवून परत आणण्यातला धोका ओरखड्यापेक्षा मोठा आहे. हे माझे ठाम मत आहे आणि बऱ्याच जणांना ते पटत नाही.

केस फुटली असेल किंवा पुस्तक विकायचे असेल, तर कंपनीकडे फक्त केस बदलून मागता येते. पुस्तकालाही इजा झाल्याचे त्यांना वाटले तर ते नव्याने श्रेणी ठरवतात आणि ती खाली येऊ शकते. अर्ज भरताना या अटीवर तुम्ही सही करत असता, ती वाचा.

केस कारखान्यातूनच सदोष आली असेल तर बदलीचे शुल्क आणि दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च कोण देणार, हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचे आश्वासन उपयोगाचे नाही. तक्रारीची मुदत कंपनीच्या अटींत दिलेली असते आणि ती लहान असते, तेव्हा "दिवाळीनंतर बघू" असे करू नका.

परदेशात पाठवताना आणखी दोन गोष्टी. पुस्तक परत येईल तेव्हा तेच पुस्तक इथून गेले होते, हे सीमाशुल्क विभागाला दाखवावे लागते. त्यासाठी पाठवतानाच कागदपत्रांत अंकाचे नाव, क्रमांक, किंमत आणि "परत येणार" हे स्पष्ट लिहा, फोटो जोडा, प्रती जपा. दुसरी गोष्ट जुन्या छापील साहित्याची. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या, ७५ वर्षांहून जुन्या हस्तलिखितांचा व दस्तऐवजांचा उल्लेख आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे छापलेले काही तुमच्या हाती असेल तर ते देशाबाहेर पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

इंद्रजाल आणि किशोर यांचे काय

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० पर्यंत चालवले. मराठी आवृत्तीतला वेताळ, आबिद सुरतींचा बहादूर, अनंत पै यांच्या १९६७ पासूनच्या अमर चित्र कथा, बालभारतीचा १९७१ पासूनचा 'किशोर', हे आपल्याकडचे खरे धन. पण यातले बरेचसे साध्या, स्वस्त कागदावर छापलेले आहे. असा कागद स्वतःच आम्ल सोडतो, पिवळा पडतो, कडेने ठिसूळ होतो. पिना गंजतात. कडक केसने धूळ आणि बोटे दूर राहतात, पण कागदाच्या आतली ही झीज थांबत नाही. सीजीसी मुखपृष्ठाच्या आत आम्ल शोषणारा कागद ठेवते, त्याची शक्तीही काही वर्षांनी सरते.

शिवाय आपल्या अंकांचा आकार अमेरिकी कॉमिकपेक्षा वेगळा असू शकतो आणि वर्षानुवर्षे तो बदललाही. आतले पाकीट सैल बसले तर वर सांगितलेला हलण्याचा दोष नक्की येणार. पाठवण्याआधी लांबी, रुंदी आणि जाडी मोजून कंपनीला कळवा आणि त्या मापाची केस आहे का, ते विचारा.

आणि एकदा बंद केले की वाचता येत नाही, हेही मनात धरा. विकायचे नसेल, तर मराठी अंकांना ग्रेडिंग करू नका असेच मी सांगेन. पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा, एवढे पुरेसे आहे. बाजारात मिळणारी जाड, मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे घेऊ नका. ती काही वर्षांत चिकट होतात आणि मुखपृष्ठाचा रंग ओढून घेतात. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते परत काढता येत नाही.

मराठवाड्याच्या हवेत ठेवणे

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. माळवद असेल तर तिथली आतली खोली निवडा, पत्र्याखालचा माळा नको. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. स्लॅब पुस्तकांसारखे उभे ठेवा, आवळून नको, वर वजन नको. मध्ये पातळ फोमची चकती किंवा प्रत्येकाला वेगळी पिशवी असेल तर ओरखडे टळतात. सिलिका जेलच्या पुड्या दमट महिन्यांत बदलत राहा. अंबाजोगाईला दाखवायला न्यायचे तर डिकीत टाकू नका, पिशवीत फोममध्ये गुंडाळून मांडीवर धरा. बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

तुमचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. स्वतःसाठी विकत घेतलेली सदोष वस्तू आणि सेवेतली उणीव दोन्ही त्यात येतात. पुन्हा विकण्याच्या धंद्यासाठी घेतली असेल तर मात्र तुम्ही ग्राहक ठरत नाही. आणि एखाद्या हौशी संग्राहकाने स्वतःकडचा एखादाच अंक तुम्हाला विकला असेल, तर तो व्यापारी नाही. तिथे तुमच्या दोघांतला लेखी व्यवहारच कामी येतो, म्हणून घेण्याआधी केसची स्थिती लिहून मागा.

ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात निवारण केले पाहिजे. वस्तू सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारी असेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. "माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अशा वेळी चालत नाही.

क्रम असा ठेवा:

* आधी विक्रेत्याला ईमेल करा. दोष, तारीख, फोटो लिहा आणि बदली, परतावा किंवा किंमत कमी करणे यांपैकी तुम्हाला काय हवे ते एका वाक्यात मांडा.
* उत्तर नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि तक्रार क्रमांक जपा.
* कार्डाने पैसे दिले असतील तर त्याच आठवड्यात बँकेला लेखी वाद कळवा. परदेशी विक्रेत्याच्या बाबतीत हाच मार्ग बहुतेकदा सगळ्यात उपयोगी ठरतो, कारण इथला आदेश परदेशी कंपनीवर बजावणे कठीण असते.
* शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे घाटनांदूरकरांना बीड. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही देता येते आणि सुनावणी व्हिडिओवर घ्यावी, असा अर्ज करता येतो. बीडच्या खेपा वाचवायच्या असतील तर तो अर्ज पहिल्याच दिवशी द्या. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

वाहतुकीत फुटले असेल तर विम्याचा दावा पाठवणाऱ्याने करायचा की तुम्ही, हे पार्सलच्या पावतीवर पाहा. विमा नसलेल्या पार्सलची भरपाई कुरिअर कंपन्यांच्या अटींत फार थोड्या रकमेवर मर्यादित केलेली असते. मौल्यवान अंक विम्याशिवाय मागवूच नका, आणि विम्याची रक्कम अंकाच्या खऱ्या किमतीइतकी आहे का, ते पैसे पाठवण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्या.